पाणी न मागणारी फुलं

१

"...गुरुजी कुटं गेलेच न्हाईत की. तिथंच हायेत, त्या पांढऱ्या फुलांच्या खाली..."

एवढंच केसरबाईच्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत बुडालं. पारूबाईचं तोंड तेवढं हलत राहिलं आणि समोरची बाई पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर चढवून मान डोलावत राहिली.

एरवी केसरबाई डबा तिथंच ठेवून दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली असती. तेलगावात कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला बघायला बीडची माणसं येऊन गेली, हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळतं, असं तिचा नवरा राधाकिशन म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण भज्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. आज मात्र तिनं काही विचारलं नाही. दळण घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि घरची वाट धरली.

कारण माणिकराव गुरुजी गेले होते, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यांना जाताना पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची, चैत्रातली भर दुपार. केसरबाई माडीवर कुरडया वाळत घालत होती. खाली शेजारच्या घराचं मागचं फाटक वाजलं. पांढरा सदरा, डोक्याला पंचा, एका हातात खुरपं, काखेत घमेलं, असे गुरुजी बाहेर पडले आणि पाणंदीला लागले. दुसरं कुणी असतं तर तिनं वरूनच हाळी दिली असती. पण आदल्या दिवशीच गुरुजींच्या बायकोनं, यशोधराताईंनी, तिला दारात उभं करून सांगितलं होतं, "केसरबाई, आमच्या घरातलं आमच्या घरात राहू द्या." गुरुजींना आताशा आठवत नाही, दोन पायांत दोन जोडांच्या चपला घालून ते देवळापर्यंत जाऊन आले, हे केसरबाईनं चार घरी सांगितलं होतं. चूक तिचीच होती. पण राग आला होता. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून तिनं पाठ फिरवली.

फिरवण्याआधी एक गोष्ट तिनं पाहिली होती. पाणंदीच्या तोंडाशी गुरुजी थांबले आणि माडीकडं वर बघत उभे राहिले. कुणीतरी विचारील म्हणून वाट बघावी, तसे.

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, मी झोपले होते. पहिल्या तासाला लाजेनं म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते बदलायला तोंड राहिलं नाही. तोवर फाट्यावरच्या पप्पू चहावाल्यानं सांगितलं होतं की गुरुजींसारखं कुणीतरी परळीच्या गाडीत चढलं. सगळं गाव परळीला गेलं. पाणंदीकडं कुणीच गेलं नाही.

२

त्या पांढऱ्या फुलांचा वाफा गुरुजींच्या हातचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे. अंगणात जिथं दिवसभर ऊन पडतं, तिथं कंपाउंडच्या भिंतीला लागून वीस फूट लांब, तीन फूट रुंद अशी काळी माती उकरून बाहेर टाकली. खाली फुटक्या विटांचे तुकडे, वर मुरूम, त्यावर वाळू, आणि सगळ्यात वर शेणखत कालवलेली थोडी माती. काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, हे ते चौथीच्या वर्गाला सांगावं तसं केसरबाईला सांगायचे.

पुढं पांढरी सदाफुली, मागं निशिगंध, भिंतीकडं मोगरा आणि मधेमधे शेवंती. उन्हाळ्यात शेवंती वरून वाळून जायची आणि मृगानंतर त्याच मुळातून पुन्हा उठायची. दरवर्षी नवं काही लावायला नको. सगळी पांढरी, कारण यशोधराताई दर पौर्णिमेला विहारात फुलं न्यायच्या आणि वैशाखी पौर्णिमेला पहिली परडी याच वाफ्यातली असायची.

केसरबाईला त्या फुलांचं एकच पटायचं नाही. गुरुजी त्यांना पाणीच द्यायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी मुळाशी तांब्याभर, बस. ज्या गावात चैत्र लागला की टँकरच्या आवाजावर बायका जेवणावरून उठतात, जिथं दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात, तिथं हे कसलं निर्दयपण, असं तिला वाटायचं.

"उन्हानं नाही मरत ती," गुरुजी म्हणायचे. "आपल्या मायेनं मरतात."

पुढं त्यांना मुलीचं नाव आठवेना, घराचं दार आठवेना. पण वाफ्यात बसले की हात चुकायचे नाहीत. तण उपटून मुळं वर करून ओळीनं उन्हात मांडायचे, आणि एका रोपापाशी काम झालं की खुरपं कडेच्या विटेवर दोनदा आपटून माती झाडायचे. टक, टक. केसरबाईची दुपारची झोप त्या आवाजावर लागायची.

३

यंदा यशोधराताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडं महिनाभर राहायचं ठरलं. जायच्या दिवशी त्यांनी फाटकाची किल्ली केसरबाईच्या हातात ठेवली.

दोघींचं बोलणं केव्हाच पुन्हा सुरू झालं होतं. गुरुजी गेल्यावर पहिला महिनाभर केसरबाईच भाकरी घेऊन जायची. यशोधराताई ते विसरल्या नव्हत्या, आणि केसरबाईला ते आठवलं की घास फिरायचा.

"पाणी आठ दिवसांनी. तांब्याभर," ताई म्हणाल्या. "जास्त नको. मी वैशाखी पौर्णिमेच्या आत येते. आणि दुपारी दोनच्या पुढं तिकडं जाऊ नका."

"कावून?"

ताईंनी पिशवीचा बंद सारखा केला. "ऊन लागंल."

रिक्षा सुरू झाली. केसरबाईनं तोंड उघडलं. आता सांगावं, एवढंच सांगावं की ताई, मी त्या दिवशी झोपले नव्हते. तेवढ्यात ताई बाहेर वाकून म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मी बिनघोर जाते बघा." आणि रिक्षा फाट्याकडं वळली.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई फाटक उघडून आत गेली. सदाफुली डोळे उघडून बसली होती. वाफा स्वच्छ होता. जरा जास्तच स्वच्छ होता. आदल्या सकाळी तिनं स्वतः मोगऱ्यापाशी हरळी पाहिली होती. उद्या उपटू म्हणून सोडली होती.

ती हरळी आता वाफ्याच्या कडेला पडली होती. एकेक काडी, मुळं वर करून, ओळीनं.

केसरबाईनं आधी डोकं चालवलं. कुलूप लावलेलं होतं, किल्ली तिच्या कमरेला. पण भिंत काही उंच नाही. म्हणून ती सुग्रीवकडं गेली. ट्रॅक्टर चालवणारा सुग्रीव ताईंची अडलीनडली कामं करायचा. तो म्हणाला, आठ दिवस मी दिंद्रुडलाच होतो, मावशी, माझं नाव कशाला घेता.

रात्रीच्या जेवणाला तिनं राधाकिशनपुढं विषय काढला. तो म्हणाला, कोंबड्यांनी उकरलं असंल. कोंबड्या ओळीत मांडतात का, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग गावात काय बोललं जातं ते त्यानं सांगितलं. तिनं गिरणीवर अर्धं ऐकलेलं ते. गुरुजींचं करता करता बाई कंटाळली आणि तिनंच काहीतरी करून त्यांना त्या वाफ्यात घातलं, म्हणून ती कुणाला खुरपं लावू देत नाही.

"तुमी पण असंच म्हणता?"

"मी कशाला म्हणू. लोकं म्हणत्यात."

केसरबाईच्या एका वाक्यानं हे सगळं तीन वर्षांपूर्वीच मिटलं असतं. गुरुजी स्वतःच्या पायांनी चालत गेले, मी बघितलं. एवढंच. आता ताई परत येणार आणि गावात हे त्यांच्या कानावर पडणार. आज ना उद्या कुणीतरी पोलिसांतही बोलणार. तिनं मनाशी ठरवलं, ताई आल्या की फाटकातच सांगायचं.

आणि तोवर निदान त्यांची फुलं सांभाळायची.

५

इथंच ती चुकली.

पुढच्या तीन आठवड्यांत ऊन त्रेचाळीसवर गेलं. दुपारी माडीवरून बघावं तर सदाफुलीची पानं मलूल होऊन खाली लोंबायची. संध्याकाळी ती आपली आपण उभी राहतात, हे केसरबाईनं नीट पाहिलं नाही. तिला फक्त लोंबणारी पानं दिसली. ताईंनी विश्वासानं सोपवलेली, पौर्णिमेच्या परडीची. तिनं घरातल्या पाण्याच्या टिपातून एक बादली नेऊन ओतली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन. टँकर आला त्या दिवशी स्वतःच्या आंघोळीचं कमी केलं आणि सहा बादल्या ओतल्या. ओतताना तिच्या छातीवरचं काहीतरी जरा हलकं व्हायचं. म्हणून ती ओतत राहिली.

पाणी घालायला लागल्यापासून पाचव्या दिवशी दुपारी तिला आवाज आला.

ती आपल्या स्वयंपाकघरात लवंडली होती. मधे एकच भिंत. खर्र. खर्र. लोखंड मुरमावरून ओढल्याचा आवाज. मग टक, टक.

ती उठून बसली. पंखा असेल, तिनं स्वतःला सांगितलं, आणि उठून पंखा बंद केला. पंखा थांबला. आवाज चालूच राहिला. आणि त्यात एक घाई होती. गुरुजींच्या हाताला घाई कधी नसायची. एखाद्याच्या घरात पाणी शिरल्यावर तो जसा उपसतो, तसा तो हात चालत होता. केसरबाई भिंतीला पाठ लावून, पदर तोंडात धरून बसली. तीनला आवाज थांबला.

सकाळी तिनं जाऊन पाहिलं. वाफ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर खोल चर ओढलेला होता. फळ्यावर पट्टी धरून मारलेल्या रेघेसारखा सरळ. चरातून तिनं ओतलेलं पाणी मागच्या फाटकाकडं वाहून गेलं होतं.

ती रोपांपाशी वाकली. सदाफुलीची खोडं बुंध्याशी काळी पडली होती. एकाला हात लावला तर ते सडक्या केळ्यासारखं बोटात आलं. मोगऱ्याच्या कळ्या पिवळ्या होऊन गळल्या होत्या. वीस फुटांत एक फूल उरलं नव्हतं.

तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. आणि चर कुणी काढला याची भीती वाटायच्या आधी तिला रडू आलं.

६

त्या दुपारी दोन वाजता ती आत गेली. जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी गेली. भीती नव्हती असं नाही. पण घरात बसून तो आवाज ऐकण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं.

अंगण उन्हानं पांढरं पडलं होतं. वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला सदाफुलीचा ताटवा दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. म्हटलं, एवढी तरी वाचली.

चार पावलं गेल्यावर तिला आठवलं की त्या टोकाला सकाळी काहीच उरलं नव्हतं.

ती थांबली. ते पांढरं जमिनीलगत होतं, आणि हळूहळू पुढं सरकत होतं. कापड होतं. वाकलेल्या पाठीवर ताणलेलं कापड, आणि त्याच्या वर उन्हानं काळवंडलेली मान. मानेवर बारीक लाल मुरूम चिकटला होता. सगळ्या मानेवर, केसांत, कानाच्या मागं.

जो प्रश्न तिनं जन्मात प्रत्येकाला विचारला होता आणि एकाच माणसाला, एकाच दिवशी विचारला नव्हता, तो तिच्या तोंडून आपोआप बाहेर आला.

"गुरुजी, उन्हाचं कुटं निघालात?"

पाठ हलायची थांबली. मान वळली नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरानं योग्य प्रश्न विचारल्यावर बोलावं, तशा समजूतदार आवाजात कुणीतरी म्हणालं, "मुरूम कमी पडला."

हे तिनं कानांनी ऐकलं की डोक्यात आलं, हे केसरबाईला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. डोळ्यांत घाम गेला, तिनं पदरानं पुसला, आणि समोर नुसता चिखल होता.

७

पौर्णिमेला सहा दिवस होते. केसरबाईनं वाफा उकरायला घेतला. सडलेलं काढायचं, नवा मुरूम भरायचा, माजलगावहून रोपं आणून लावायची. काम दिसत असलं की विचार करावा लागत नाही. राधाकिशन मदतीला आला, पण कुदळ मारताना तो दर वेळी आधी थांबायचा. तो कशाला थांबतो हे दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत ते खालच्या विटांना लागले. विटांच्या खाली काळी, घट्ट, कधीच न हललेली माती होती. दुसरं काही नव्हतं.

"मिटलं मग," राधाकिशन म्हणाला आणि कपाळ पुसलं.

केसरबाई सुग्रीवला एक ट्रॉली मुरूम टाकायला सांगायला गेली. तो म्हणाला, चौसाळ्याकडून आणावा लागंल, चार दिवस जातील. तिनं विचारलं, एवढ्या लांबून कशाला, पाणंदीच्या टोकाला जुनी खदान हाय की, गुरुजी तिथूनच घमेल्यानं आणायचे.

"तिकडं कोण जातंय आता, मावशी. कड ढासळल्यापासून वाटच बंद हाय."

"कधी ढासळली?"

सुग्रीवनं जरा आठवलं. "गुरुजी परळीला गेले न्हाई का, त्याच आठवड्यात."

काखेतलं घमेलं केसरबाईच्या डोळ्यांसमोर आलं. रिकामं घमेलं घेऊन कुणी परळीला जात नाही.

८

यशोधराताई दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. फाटकातून त्यांनी उकरलेला वाफा पाहिला आणि पिशवी हातातच धरून उभ्या राहिल्या.

"पाणी घातलं तुम्ही."

"घातलं, ताई."

"आणि दुपारीही आलात."

केसरबाईनं मान हलवली. ताई वाफ्याच्या कडेला बसल्या. उघड्या विटांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तीन वर्षं ऐकत होते मी. दाराआडूनच. बाहेर येऊन कधी बघितलं नाही. बघितलं तर थांबतील असं वाटायचं. आता इथं काय उरलंय करायला, की ते येतील."

केसरबाईनं मग सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. कुरडया, फाटक, पाणंद, घमेलं. मी जागी होते. राग होता म्हणून विचारलं नाही. नंतर लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. ते थांबले होते ताई, वर बघत. मी पाठ फिरवली.

ताईंनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मुरूम आणायला?" आणि उठून मागच्या फाटकाकडं चालू लागल्या.

वाटेत बाभळीच्या फांद्या टाकून वाट अडवलेली होती. केसरबाईनं हातांनी बाजूला केल्या, ताईंना धरून पुढं नेलं. खदान उघड्यावर, चहूकडून उन्हात. ढासळलेली कड लाल ढिगासारखी खाली पसरली होती. गवताची काडी नव्हती. पाणी टिकेल अशी ती जागाच नव्हती.

ताईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मला अजून लांबचं नीट दिसत नाही, केसरबाई. तिथं उतारावर पांढरं काय आहे?"

गिरणीवर पारूबाई बोलली त्यातली फुलं खरी होती. खाली असणंही खरं होतं. जागा तेवढी चुकली होती, आणि गावानं दोष चुकीच्या दाराशी नेऊन ठेवला होता. बरोबर दार कुठलं, ते केसरबाईला ठाऊक होतं.

ताईंनी तिचा दंड धरला. बोटं गार होती.

"गावाला सांगता तसं सांगा मला," त्या म्हणाल्या. "काही ठेवू नका."

मग केसरबाईनं सांगायला सुरुवात केली. सदाफुली हाय ताई, पांढरी. दोन ओळी हायेत. दोरी धरून लावाव्या तशा सरळ. रोपारोपात वीतभर जागा सोडलेली. फुलं ताजी हायेत, सगळी उघडलेली. डावीकडून सुरू होतात, त्या मोठ्या दगडापासून, आणि खाली येतात, खाली, जिथं मुरूम जरा खचलाय तिथवर...

ती ओळीच्या शेवटापाशी आली आणि थांबली.

"आणि?" यशोधराताई म्हणाल्या.

केसरबाईनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उरलेलं सांगितलं: खचलेल्या मुरमातून वर आलेली घमेल्याची कड, आणि तिच्यापाशी पांढऱ्या सदऱ्याची बाही.